नवा फ्लू आला की भीती नेमकी कशाची धरायची?

प्रश्न : नव्या फ्लूची बातमी आली की आमच्या घरात लगेच धावपळ सुरू होते. सुनेला सातवा महिना आहे, यजमानांना मधुमेह आहे, नातू बालवाडीत जातो. २००९ साली पुण्यात स्वाइन फ्लूने जे झाले ते खरेच एवढे भयंकर होते, की ती नुसती उठवलेली आवई होती? पुन्हा असा फ्लू आला तर कशाला घाबरायचे आणि कशाला नाही?

उत्तर : आवई नव्हती. त्या पावसाळ्यात मी पुण्यात अतिदक्षता विभागात काम करत होतो. आदल्या आठवड्यापर्यंत धडधाकट असलेली पंचविशी-तिशीतली माणसे व्हेंटिलेटरवर गेलेली मी पाहिली आहेत. पण त्याच दिवसांत शहर ज्या गोष्टींना घाबरून सैरभैर झाले होते, त्यांतल्या बहुतेकांचा या मृत्यूंशी काही संबंध नव्हता. घाबरण्यात चूक काही नव्हती. ती भीती नको तिथे खर्च झाली आणि जिथे हवी होती तिथे पुरली नाही. तुमच्या घरात ज्या तिघांचा तुम्ही उल्लेख केला आहे ते तिघेही जोखमीच्या गटात मोडतात, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

एप्रिल २००९ मध्ये मेक्सिको आणि कॅलिफोर्नियात एच१एन१ या फ्लूच्या विषाणूचा नवा प्रकार सापडला, तोच स्वाइन फ्लू. डुकरांतल्या, पक्ष्यांतल्या आणि माणसांतल्या फ्लूच्या विषाणूंच्या जनुकांची त्यात सरमिसळ झालेली होती. ११ जूनला जागतिक आरोग्य संघटनेने जागतिक साथ जाहीर केली. भारतात पहिला रुग्ण मे महिन्यात हैदराबादेत सापडला. तोवर आपल्याकडे ती विमानतळावरची बातमी होती. जुलैत पाचगणीच्या एका निवासी शाळेत मोठ्या संख्येने मुले आजारी पडली, पुण्यातल्या शाळांतही रुग्ण सापडू लागले आणि ३ ऑगस्टला पुण्यात एका चौदा वर्षांच्या विद्यार्थिनीचा मृत्यू झाला. देशातला हा पहिला मृत्यू. त्यानंतर पुणे ओळखू येईना. शाळा-महाविद्यालये बंद, मॉल आणि मल्टिप्लेक्स बंद, रस्त्यावर जो तो तोंडाला रुमाल बांधलेला, आणि नायडू रुग्णालयाबाहेर तपासणीसाठी ही मोठी रांग.

त्या रांगेबद्दल आधी बोलतो, कारण त्या वेळची सगळी गडबड तिथे एका जागी दिसत होती. साधे नाक गळणारा तरुण, ताप उतरून गेलेली मुलगी, शेजारच्या इमारतीत रुग्ण सापडला म्हणून आलेले अख्खे कुटुंब आणि खरोखर धाप लागलेली एखादी बाई, सगळे एकाच रांगेत तासन् तास उभे. जो बाधित नव्हता त्याला बाधा व्हायची सर्वांत चांगली सोय तीच होती. आणि जिला ताबडतोब आत न्यायला हवे होते तिचा नंबर मात्र सर्दीवाल्याच्या मागे. लोकांची समजूत अशी होती की तपासणी झाली म्हणजे अर्धा उपचार झाला. प्रत्यक्षात घशाच्या स्वॅबचा अहवाल यायला एक-दोन दिवस लागत आणि अहवाल काहीही आला तरी सौम्य आजाराचे उपचार बदलत नसत. पुढे केंद्राच्या आरोग्य खात्याने अ, ब आणि क असे वर्ग ठरवून दिले, ते आजही तसेच आहेत. सौम्य ताप-खोकला असेल तर तपासणी नको, खास औषध नको, घरी विश्रांती. ताप चढा असेल किंवा रुग्ण जोखमीच्या गटातला असेल तर तपासणीची वाट न पाहता औषध सुरू. धाप, छातीत दुखणे, ग्लानी, थुंकीतून रक्त, नखे निळी पडणे यांतले काही दिसले तर भरती, आणि तपासणी तेव्हा. हे वर्ग साध्या कागदावर छापून प्रत्येक दवाखान्याच्या दारावर चिकटवावेत, एवढे ते कामाचे आहेत.

आता आकड्यांबद्दल. मेक्सिकोतल्या पहिल्या बातम्यांवरून वाटले की हा आजार फार मोठ्या प्रमाणात रुग्णांचा जीव घेतो. यातली मेख अशी की मृत्यू मोजले जातात, साधा ताप येऊन बरे झालेले कोणी मोजत नाही. अपूर्णांकात वरचा अंक बरोबर आणि खालचा फारच लहान, मग उत्तर भयंकर येणारच. राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने नंतर पुण्यातल्या लोकांच्या रक्तातली प्रतिपिंडे, म्हणजे संसर्ग होऊन गेल्याची खूण, तपासली, तेव्हा दिसले की नोंदलेल्या रुग्णांच्या कितीतरी पट लोकांना संसर्ग होऊन गेला होता, आणि त्यांत शाळकरी मुले आघाडीवर होती. म्हणजे सरासरी धोका सुरुवातीला वाटला त्याहून पुष्कळ कमी निघाला. कोणत्याही नव्या साथीत पहिल्या काही आठवड्यांतले मृत्यूचे प्रमाण वाचताना हा खालचा अंक कुठून आला एवढे विचारा.

पण सरासरीवर समाधान मानून चालत नाही. नेहमीच्या फ्लूमध्ये दगावणारे बहुतेक लोक पासष्टीपुढचे असतात. २००९ मध्ये जगभरातल्या अंदाजांनुसार मृतांपैकी सुमारे ८० टक्के लोक पासष्टीच्या आतले होते. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. १९१८ च्या महासाथीचा विषाणू त्या साथीबरोबर नाहीसा झाला नाही. त्याचे वंशज १९५७ पर्यंत माणसांत फिरत राहिले. डुकरांत जे शिरले तेही त्याच घराण्यातले, आणि २००९ च्या विषाणूचा बाहेरचा महत्त्वाचा भाग तिथूनच आला. त्यामुळे १९५७ च्या आधी जन्मलेल्या अनेकांच्या शरीराला तो काहीसा ओळखीचा होता आणि तरुणांना अगदी अनोळखी. आजी ठणठणीत आणि नातसून अतिदक्षता विभागात, असे चित्र त्या वर्षी आम्ही पुन्हा पुन्हा पाहिले. नव्या फ्लूचा धोका कोणाला, हे त्या त्या विषाणूचा इतिहास ठरवतो. म्हणून ‘फ्लू म्हाताऱ्यांना लागतो’ हे गृहीत धरून तरुणांनी अंगावर काढू नये.

अंगावर काढणे, हीच माझ्या दृष्टीने मुख्य गोष्ट आहे. वॉर्डात दाखल होणाऱ्या गंभीर रुग्णांची कहाणी बहुधा एकाच वळणाने जायची. पहिल्या दिवशी १०२-१०३ ताप, अंग मोडून येणे, घसा दुखणे, कोरडा खोकला. जवळच्या दवाखान्यात गोळ्या. तिसऱ्या दिवशी ताप जरा उतरतो, माणूस कामाला लागतो किंवा घरचे निर्धास्त होतात. चौथ्या-पाचव्या दिवशी ताप पुन्हा चढतो किंवा जिना चढताना दम लागतो. ‘अशक्तपणा असेल’ म्हणून सलाइन लावले जाते. सहाव्या दिवशी बसल्या जागी धाप, आणि सातव्या दिवशी ते आमच्याकडे येतात तेव्हा एक्स-रेमध्ये दोन्ही फुप्फुसे पांढरी झालेली असतात. ऑसेल्टामिवीर, म्हणजे ज्याला सगळे टॅमिफ्लू म्हणतात ते औषध, पहिल्या ४८ तासांत सर्वांत चांगले चालते. गंभीर रुग्णाला ते उशिराही द्यावेच, फायदा होतो, पण फुप्फुसांची झालेली हानी औषध परत घेत नाही. पुण्यात त्या पावसाळ्यात नीलगिरीचे तेल मिळेनासे झाले होते, आणि या चौथ्या-पाचव्या दिवसाबद्दल मात्र फारसे कोणी बोलत नव्हते. याची खंत मला आजही वाटते.

हा बदल घरी ओळखता येतो, त्यासाठी डॉक्टर असावे लागत नाही. मोठ्या माणसाला एक लांब वाक्य बोलायला सांगा. नाव, पत्ता, काय जेवलात, काहीही. मध्ये श्वास घ्यायला थांबावे लागत असेल तर ते अशक्तपणाचे लक्षण नव्हे, फुप्फुसाचे आहे. कोविडच्या काळात घेतलेला ऑक्सिमीटर कपाटात पडला असेल तर सेल बदलून बाहेर काढा. बोटावर नेलपॉलिश नको, हात गार नको, मिनिटभर स्थिर बसून मग आकडा वाचा. स्वस्थ बसलेले असताना तो ९४ च्या खाली जात असेल तर रात्र काढू नका. आधीचा आजार नसलेल्या माणसाने खोलीत पाच-सहा मिनिटे चालल्यावर आकडा तीन-चारने घसरला तरी डॉक्टरांना दाखवा.

लहान मुलाचे वेगळे. ते बोलून दाखवत नाही, म्हणून त्याचे पोट बघायचे. मूल शांत किंवा झोपलेले असताना सदरा वर करा आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा, अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नका. एक ते पाच वर्षांच्या मुलाचा श्वास मिनिटाला ४० किंवा त्याहून जास्त, दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचा ५० किंवा जास्त असेल तर तो वेगवान. आपल्याकडे बायका ‘पोट उडतंय’ म्हणतात ते अगदी अचूक निरीक्षण आहे. बरगड्यांखालचा भाग श्वासागणिक आत ओढला जात असेल, मूल दूध किंवा पाणी घेत नसेल, सारखे गुंगीत असेल किंवा ताप नसतानाही खेळायला उठत नसेल, तर त्याच पावली निघा.

आता ज्या गोष्टींत भीती वाया गेली त्या. कापूर आणि वेलदोडा कुटून रुमालात बांधलेल्या पुरचुंड्या तेव्हा घरोघरी झाल्या. वासाने नाक मोकळे वाटते हे खरे, विषाणू त्याने मरत नाही. एवढ्यावर थांबले असते तर बिघडले नसते. पण पुरचुंडी हातात आहे म्हणून खोकणाऱ्या माणसाशेजारी निर्धास्त बसणे आणि लहान मुलांनी कापूर तोंडात घालणे, हे दोन्ही धोक्याचे. कापूर पोटात गेला तर मुलांना झटके येऊ शकतात.

मास्कचेही तसेच. एन-९५ मास्क काळ्या बाजारात गेले, तोंडाला नीट न बसणारे मास्क हनुवटीवर लटकवून लोक हिंडत होते, आणि ज्यांना त्यांची खरी गरज होती त्या परिचारिकांना ते मिळताना मारामार. साध्या फ्लूच्या घरात मुख्य मास्क आजारी माणसाला लागतो, तीनपदरी साधा मास्क, कारण त्याच्या तोंडावर तो असला की बाहेर उडणारे थेंबच कमी होतात. शुश्रूषा करणाऱ्याने जवळ जाताना घालावा. खिडक्या उघड्या ठेवा. आपल्याकडे पावसाळ्यात आजाऱ्याला वारा लागू नये म्हणून खोली गच्च बंद करतात, ते नेमके उलटे होते. साबणाने हात धुणे कंटाळवाणे वाटते, पण या विषाणूचे बाहेरचे आवरण स्निग्ध असते आणि साबण ते फोडतो.

मांसाहाराची भीती तर दर वेळी येते. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला कोंबड्यांत बर्ड फ्लू सापडला. देशातली ती पहिली वेळ. लाखो कोंबड्या माराव्या लागल्या, राज्यभर लोकांनी चिकन-अंडी सोडली, नवापूरचे कुक्कुटपालक कर्जात बुडाले. माणसांत मात्र तेव्हा एकही लागण सिद्ध झाली नाही. ७० अंशांवर नीट शिजवलेल्या मांसात विषाणू उरत नाही आणि आपला रस्सा त्यापेक्षा बराच जास्त वेळ रटरटत असतो. धोका असतो तो आजारी पक्षी हाताळणाऱ्याला, सोलणाऱ्याला, खुराड्यात काम करणाऱ्याला. २००९ मध्ये इजिप्तने तर कमाल केली. देशात एकही रुग्ण नसताना सुमारे तीन लाख डुकरे मारण्याचा आदेश निघाला. कैरोत कचरा गोळा करून त्यातला ओला भाग डुकरांना घालणाऱ्या वस्त्यांचा रोजगार गेला, शहरात कचऱ्याचे ढीग लागले. फ्लू जूनमध्ये आलाच, विमानातून आलेल्या प्रवाशाबरोबर. असले निर्णय भीतीपोटी होतात आणि त्यांची किंमत गरिबाला मोजावी लागते, म्हणून मला त्यांचा राग येतो.

औषधांबाबत तीन गोष्टी कळकळीने सांगतो. पहिली, ऑसेल्टामिवीरचा साठा घरात करून ठेवू नका आणि ‘आधीच घेतलेले बरे’ म्हणून निरोगी माणसांनी गिळू नका. दुसरी, ॲन्टिबायोटिकने विषाणू मरत नाही. फ्लूनंतर जिवाणूंचा न्यूमोनिया झाला तर ते लागते, पण ते डॉक्टर ठरवतील. तिसरी सर्वांत महत्त्वाची आहे. कोविडनंतर स्टेरॉइडबद्दल एक आंधळा विश्वास बसला आहे. ऑक्सिजन लागणाऱ्या कोविडच्या रुग्णांत डेक्सामेथासोनने प्राण वाचले, हे खरे. फ्लूच्या न्यूमोनियात मात्र स्टेरॉइड दिलेल्या रुग्णांत मृत्यू जास्त आढळतात. ‘ताप उतरवणारे इंजेक्शन’ म्हणून ते पहिल्या-दुसऱ्या दिवशी दिले तर दोन दिवस छान वाटते आणि तोवर आत विषाणूला रान मोकळे मिळते. दम्यासारख्या कारणाने लागत असेल तर गोष्ट वेगळी. दवाखान्यात इंजेक्शन देत असतील तर कोणते, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. आणखी एक : आपल्याकडे फ्लूचा जोर पावसाळ्यात, म्हणजे डेंगीच्याच दिवसांत असतो. तेव्हा अंगदुखीसाठी डायक्लोफेनॅक, ब्रुफेन किंवा ॲस्पिरिन नको, साधे पॅरासिटामॉल घ्या. मुलांना फ्लूमध्ये ॲस्पिरिन तर मुळीच नको.

लशीबद्दल लोक दोन्ही टोकांना जातात. भीती अगदीच निराधार आहे असे मी म्हणणार नाही. १९७६ मध्ये अमेरिकेत सैनिकी तळावर डुकरांचा फ्लू सापडला म्हणून चार कोटींवर लोकांना घाईने लस टोचली गेली. साथ आलीच नाही, पण दर लाखामागे साधारण एकाला गियाँ-बारे हा नसांचा आजार जास्तीचा झाला. २००९ च्या एका युरोपीय लशीनंतर फिनलंड आणि स्वीडनमध्ये काही मुलांना अतिनिद्रेचा विकार जडला. ती लस आपल्याकडे वापरलीच गेली नाही. आपल्याकडे २०१० मध्ये आलेल्या लशी वेगळ्या होत्या, झायडस कॅडिलाची टोचायची आणि पुण्याच्याच सीरम इन्स्टिट्यूटची नाकातून द्यायची. आज आपण जी दरवर्षीची फ्लूची टोचणी घेतो ती निष्क्रिय विषाणूची असते, तिच्याने फ्लू होत नाही. ती घेऊनही फ्लू होऊ शकतो, कारण विषाणू बदलत राहतो. पण भरती होण्याची आणि जिवावर बेतण्याची शक्यता बरीच कमी होते.

आणि एक गोष्ट मला अस्वस्थ करते. २००९ चा तो विषाणू गेला नाही, हंगामी होऊन आपल्यातच राहिला. २०१५ मध्ये देशभरात त्याने सुमारे तीन हजार बळी घेतले. २०१७ मध्ये एकट्या महाराष्ट्रात सातशेहून अधिक लोक गेले. त्या वर्षी शहरे बंद पडली नाहीत, रुमालाच्या पुरचुंड्या झाल्या नाहीत, वर्तमानपत्रांत आतल्या पानावर चार ओळी येत होत्या. मरणारे पुन्हा तेच : गरोदर स्त्रिया, मधुमेही, स्थूल व्यक्ती, दम्याचे आणि हृदयाचे रुग्ण, आणि उशिरा आलेले तरुण. नवेपणा गेला तशी लोकांची भीती गेली, धोका होता तिथेच राहिला.

तुमच्या घराचे सांगतो. सुनेला सातवा महिना आहे, म्हणजे सर्वांत जोखमीचा काळ. पोट वाढले की फुप्फुसाला जागा कमी पडते, प्रतिकारशक्तीही बदललेली असते. दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीत फ्लूची निष्क्रिय लस घेता येते, आईची प्रतिपिंडे बाळालाही पहिले काही महिने पुरतात. राज्य शासनाने २०१५ पासून गरोदर स्त्रियांसाठी ही लस मोफत देण्याची व्यवस्था केली आहे. जवळच्या सरकारी रुग्णालयात चौकशी करा आणि तिच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारून या आठवड्यातच घ्या. यजमानांनी आणि नातवानेही घ्यावी. महाराष्ट्रात ती पावसाळ्याआधी, एप्रिल-मेमध्ये घेणे उत्तम. उशीर झाला असला तरी घेतलेली बरी.

नातवाला ताप आला तर शाळेत पाठवू नका. ताप औषधाविना उतरून पूर्ण एक दिवस जाऊ द्या. त्या दिवसांत त्याची उस्तवार सुनेकडे नको, तुम्ही किंवा मुलाने करावी. सुनेला ताप आलाच तर ‘गरोदरपणात औषध नको’ म्हणून एकही दिवस थांबू नका. ऑसेल्टामिवीर गरोदरपणात देतात, आणि तिच्या बाबतीत ते तपासणीच्या अहवालाआधीच, पहिल्या-दुसऱ्या दिवशी सुरू व्हायला हवे. रात्री-अपरात्री ऑक्सिजन आणि प्रसूती दोन्हींची सोय असलेले जवळचे रुग्णालय कोणते, हे आजच पाहून त्याचा नंबर घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलमध्ये घालून ठेवा.